मकतब बंद करू नका, नीट चालवा

गोंदिया जिल्ह्यातल्या मुस्लिम मुलांना धर्मशिक्षणाचे वेगळे वर्ग हवेतच कशाला, हा प्रश्न हल्ली दोन टोकांकडून येतो. एका टोकाला आमच्या समाजाबाहेरची माणसे आहेत. त्यांना मकतब म्हटले की मदरसा दिसतो, आणि मदरसा म्हटले की शाळा बुडालेली मुले दिसतात. दुसऱ्या टोकाला आमच्यातलीच शिकलेली, नोकरीधंद्यात स्थिरावलेली माणसे आहेत. जमाना स्पर्धेचा आहे, पोराला ट्यूशनलाच वेळ पुरत नाही, न समजणारी अरबी घोकून त्याच्या हाती काय लागणार, असे ती विचारतात. या दोघांच्या मध्ये मशीद कमिटीतली वडीलधारी मंडळी आहेत. त्यांचे म्हणणे एवढेच की चालले आहे ते ठीक चालले आहे. हाफिजसाब आहेत, मुले येतात, आणखी काय पाहिजे? मला या तिघांशीही वाद घालायचा आहे, आणि सगळ्यात जास्त तिसऱ्यांशी.

पहिल्यांच्या शंकेचे उत्तर सरकारदरबारी कधीच नोंदले गेले आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये आपला अहवाल दिला. मदरसा आणि मकतब या दोन निरनिराळ्या व्यवस्था आहेत, हे त्या अहवालात स्वच्छ सांगितले आहे. मदरशात मूल पूर्णवेळ शिकते, अनेकदा तिथेच राहते. मकतब मोहल्ल्यातला असतो, बहुधा मशिदीला लागून असतो, आणि तिथे तासभर येणारे मूल दिवसभर इतर मुलांसारखेच शाळेत असते. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत जाणारी मुले तीन-चार टक्क्यांच्या घरात आहेत, हेही त्याच अहवालात आहे. जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने औपचारिक विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुले शाळाबाह्य धरायचे ठरवले, तेव्हा मोठा वाद झाला. त्या निर्णयाच्या बाजूने उभे राहा की विरोधात, तो वेगळा प्रश्न. सकाळी मकतबात आणि अकरा वाजता जिल्हा परिषदेच्या शाळेत बसणारे तिरोड्याचे किंवा आमगावचे मूल त्या हिशेबात येतच नाही. तरीही भाषणांत आणि चर्चांत दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले जातात. हे अज्ञान असेल तर अहवाल वाचून दूर करता येते. वीस वर्षे होत आली तरी ते दूर होत नसेल, तर ते दूर करायची इच्छा नाही असेच मी समजतो.

राज्यघटनेचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही, असे घटनेचा अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो. मी या तरतुदीच्या बाजूचा आहे. सरकारी शाळेत माझ्या मुलाला कुणी नमाज शिकवू नये आणि दुसऱ्याच्या मुलाला कुणी आरती शिकवू नये. शाळा सगळ्यांची राहावी. पण मग धर्म शिकवायचा कुणी? घराने आणि समाजाने, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या पैशाने. पंचविसावा अनुच्छेद तेवढी मोकळीक देतो. आमच्याच जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे, आणि विहारांत मुलांना वंदना आणि धम्म शिकवला जातो. जैन पाठशाळा आहेत, चर्चमध्ये रविवारची शाळा आहे, बालसंस्काराचे वर्ग आहेत. हे सगळे चांगले आहे. मग मकतबाच्या तासालाच संशयाने का पाहायचे? ज्यांना शाळा धर्मनिरपेक्ष हवी आहे, त्यांनी तर शाळेबाहेरच्या नीट चालणाऱ्या धर्मवर्गांचे स्वागतच केले पाहिजे.

आता आमच्यातल्या शिकलेल्यांकडे येतो. १९७० मध्ये हमीद दलवाई यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्या परंपरेचे ऋण मी मानतो; प्रश्न विचारण्याची हिंमत तिने दिली. पण तिचा हवाला देऊन माझे काही मित्र म्हणतात की लहान वयात धर्म शिकवूच नये. मूल मोठे झाले की स्वतः वाचेल आणि ठरवेल. वरवर हे उदार वाटते. पण मूल रिकाम्या खोलीत वाढत नाही. आपण शिकवले नाही तरी ते शिकतेच, आणि आज ते मोबाइलवरून शिकते. तिथे दीड मिनिटाच्या चित्रफितीत कुणीतरी ओरडून सांगत असते की अमुक काफिर आहे, तमुक हराम आहे. दुसऱ्या चित्रफितीत दुसरे कुणी तितक्याच जोराने सांगत असते की तुझा धर्मच मुळात वाईट आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला या दोन आवाजांच्या मध्ये एकटे सोडणे याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. ज्या मुलाने पैगंबरांचे चरित्र शांतपणे, क्रमाने, प्रश्न विचारत ऐकले आहे, त्याला तो ओरडा ओळखू येतो. पुढे मोठेपणी धर्म सोडायचा असो की धरायचा, निवडण्यासाठी आधी तो माहीत असावा लागतो.

हे सगळे मी गोंदियासाठी विशेष तळमळीने सांगतो आहे, त्याचे कारण आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३ लाख २२ हजारांवर. राज्यात मुस्लिम शंभरात साडेअकरा, इथे शंभरात सुमारे दोन. भिवंडीत, मालेगावात मूल धर्म हवेतून घेते. अजान, रमजानचा बाजार, चारी बाजूंना आपलीच माणसे. सालेकशात किंवा अर्जुनी मोरगावात तसे नसते. अख्ख्या वर्गात एकच मुस्लिम मुलगी असू शकते. दुपारी डबा न उघडण्याचे कारण मैत्रिणी तिला विचारतात, मराठीत विचारतात. बकरी ईदला तुम्ही काय करता, तुमच्या देवाचा फोटो का नसतो, तू टिकली का लावत नाहीस, हेही विचारतात. बहुतेक वेळा त्यात दुष्टावा नसतो, कुतूहल असते. पण उत्तर ठाऊक नसले की मूल ओशाळते. मग ते एक तर आपले वेगळेपण लपवायला शिकते, नाही तर चिडून भांडायला शिकते. दोन्ही वाईट. दहा वर्षांच्या मुलीला “मी रोजा का धरते” हे साध्या मराठीत, न लाजता, कुणाला कमी न लेखता चार वाक्यांत सांगता आले, तर तिचे बालपण किती हलके होईल! आणि तिच्या वर्गातल्या इतर मुलांनाही मुसलमान म्हणजे काय हे बातम्यांऐवजी तिच्याकडून कळेल. संख्येने थोडे आहोत म्हणून मकतबाची गरज नाही, असे जे म्हणतात त्यांनी गोष्ट उलटी धरली आहे. थोडे आहोत म्हणूनच तो नीट चालायला हवा.

इथे मशीद कमिटीतली मंडळी मान डोलावतील. बरोबर, हेच आम्ही म्हणत होतो, असे म्हणतील. त्यांना मी विचारतो: आज आपल्या मकतबातून बाहेर पडणाऱ्या मुलीला ती चार वाक्ये सांगता येतात का?

येत नाहीत. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक, हातात येतो. मग अम्मा पारा, मग एकामागून एक सिपारे. दोन-तीन वर्षांत नाजरा, म्हणजे कुरआनचे पाहून वाचन, पूर्ण होतो, घरात मिठाई वाटली जाते, आणि मकतब संपतो. कलमे पाठ, काही दुआ पाठ, नमाजेची रीत पाठ. नमाजेत आपण काय म्हणतो याचा अर्थ विचारला की मूल गप्प होते. अरबी उच्चार शुद्ध असलेच पाहिजेत, तजवीदची मेहनत मला मान्य आहे. कुरआन त्याच्या मूळ शब्दांत वाचता येणे हा प्रत्येक मुस्लिम मुलाचा हक्क आहे. पण एवढ्यावर थांबायचे आणि याला दीनी तालीम म्हणायचे, हे मला मान्य नाही. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी ही तक्रार आपल्याच विद्वानांनी करून ठेवली आहे. १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात इतिहासकार इब्न खल्दूनने निरनिराळ्या मुस्लिम प्रदेशांत मुलांना कसे शिकवतात याची तुलना केली आहे. मगरिबात (वायव्य आफ्रिकेत) फक्त कुरआनचे पठण आणि दुसरे काही नाही. अंदलुसियात (मुस्लिम स्पेनमध्ये) त्याच्या जोडीला लेखन, व्याकरण, कविता. पहिल्या पद्धतीतली मुले भाषेत दुबळी राहतात, असे त्याचे निरीक्षण होते. मुलाला आधी भाषा आणि गणित द्यावे, म्हणजे पुढे कुरआन वाचताना त्याला तो समजेल, हे काजी इब्न अल-अरबी यांचे मतही त्याने नोंदवले आणि त्याची तारीफ केली. लोकरिवाज आड येतो म्हणून ते अमलात येत नाही, असेही लिहिले. तो रिवाज अजून आड येतो आहे.

भाषेचा प्रश्न आला की लगेच उत्तर मिळते: उर्दू गेली तर दीन जाईल. उर्दूवर माझे प्रेम कुणापेक्षा कमी नाही. मकतबात आठवड्यातून दोन दिवस उर्दूची लिपी जरूर शिकवावी, वेगळा विषय म्हणून शिकवावी. पण आपल्या जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळा मोजक्या. बहुतेक मुले मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात. त्यांना ईमानचा अर्थ उर्दू पुस्तकातल्या फारसीमिश्रित वाक्यांतून समजावणे म्हणजे एका न समजणाऱ्या गोष्टीवर दुसरी ठेवणे. अठराव्या शतकात दिल्लीत शाह वलीउल्लाह यांनी कुरआनचा फारसी अनुवाद केला, कारण शिकलेले लोक तेव्हा फारसी वाचत. पुढच्याच पिढीत त्यांचे पुत्र शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी उर्दू अनुवाद केले, कारण लोकांची भाषा उर्दू झाली होती. आज ज्या उर्दूला आपण दीनची भाषा मानतो ती अशीच, मुलांना आणि सामान्यांना समजावे म्हणून, दीनमध्ये आली. मग मराठीला दार का बंद? कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, आणि कुरआनचे मराठी भाषांतर व्हावे म्हणून पैसेही दिले. १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठीतून इस्लामवर लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या माणसांची आता वाण नाही. कुरआनचे मराठी अनुवाद मिळतात, सीरतवरची पुस्तके मिळतात. नाही ती फक्त कमिटीची इच्छा.

वेळेचा गोंधळ तर रोजचा आहे. बहुतेक ठिकाणी वर्ग असर (दुपारनंतरची) ते मगरीब (सूर्यास्ताची) या नमाजांच्या मधल्या वेळात. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. शाळा पाचला सुटली तर मूल घरी येऊन हातपाय धुईपर्यंत मगरीबची अजान होते. म्हणजे हिवाळ्याचे दोन-अडीच महिने हा वर्ग कागदावरच असतो, किंवा मूल शाळा अर्ध्यावर सोडून येते. आणि मग मुख्याध्यापकांची तक्रार खरी ठरते. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. लहान मुलांसाठी सकाळी सात ते आठ हा तास सरकारनेच मोकळा करून दिला आहे! किती मशिदींनी तो वापरला? उन्हाळ्यात विदर्भातल्या शाळा सकाळपाळीच्या होतात, तेव्हा वर्ग संध्याकाळी न्यायला हवा. तेव्हा सव्वासहानंतर सूर्य मावळतो, असरनंतर भरपूर वेळ असतो. आपल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात; मुंबईहून छापून आलेले वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि २०२६ मध्ये तो थेट दहावी-बारावीच्या परीक्षांवर आला. हे सगळे आधी माहीत असते. दोन पंचांगे शेजारी ठेवून एका संध्याकाळी वर्षभराचा तक्ता करता येतो. तो करत नाही, कारण मकतब ही नियोजन करण्याची गोष्ट आहे असे कुणाला वाटतच नाही.

केरळात वाटते. समस्त या उलेमांच्या संघटनेचे शिक्षण मंडळ तिथे १९५१ पासून काम करते. आज त्याला जोडलेले दहा हजारांवर धर्मवर्ग आहेत. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली पुस्तके, पाचवी, सातवी, दहावी आणि बारावीला सामाईक परीक्षा, तपासनीस, उस्तादांचे प्रशिक्षण. मूल सकाळी तिथे जाते आणि मग शाळेत. २०२५ मध्ये केरळ सरकारने हायस्कुलांची वेळ सकाळी थोडी अलीकडे ओढली, तर समस्तने जाहीर हरकत घेतली. हरकत बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण वेळापत्रक असले तरच असा वाद घालता येतो. आणि ज्या मलबारात मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या हे वर्ग केले, तिथली मुले शाळेत मागे पडली असे कुणी म्हणू शकत नाही. उत्तर प्रदेशात १९५९ मध्ये बस्ती इथे काजी अदील अब्बासी यांच्या पुढाकाराने दीनी तालीमी कौन्सिल सुरू झाली. मुंबईच्या दीनियात या संस्थेने वर्षवार पुस्तके तयार केली आहेत: कुरआन, हदीस, अकीदे आणि मसाइल, इस्लामी तर्बियत, भाषा असे विभाग पाडून. कुठलाही एक अभ्यासक्रम घ्या, आपल्या गरजेप्रमाणे मराठीत उतरवा. नव्याने शोधायचे काहीच नाही.

यावर एक हरकत मी गंभीरपणे घेतो. केरळात वस्ती दाट आहे, पैसा आहे. देवरी तालुक्यातल्या चार घरांच्या गावात हे कसे होणार? खरे आहे, तसेच्या तसे होणार नाही. पण गोंदिया हे जंक्शन आहे. तिरोडा, आमगाव, सालेकसा हावडा मार्गावर, अर्जुनी मोरगाव बल्लारशाच्या मार्गावर. एका उस्तादाने किंवा आलिमाने आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या गाडीने जाऊन दोन-तीन ठिकाणी वर्ग घेणे अशक्य नाही. रोजचा तास जमत नसेल तर रविवारचे तीन तास घ्या, मधल्या दिवसांत आईबापांनी पाठ करून घ्यावे. चार घरांचा खर्च चार घरांवर टाकू नका. गोंदिया शहरातल्या मोठ्या जमातींनी तो उचलावा. आठ तालुक्यांची मिळून एक समिती असावी, तिने वर्षातून एकदा सगळीकडे सारखी परीक्षा घ्यावी.

हे केले नाही तर काय होते तेही पाहा. गावात काही सोय नाही म्हणून गरीब बाप आठ-दहा वर्षांचा मुलगा दूरच्या वसतिगृही मदरशात पाठवतो. मे २०२३ मध्ये बिहारमधून सांगलीकडच्या मदरशांत निघालेली ५९ मुले भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवून घेतली गेली. बरोबरच्या माणसांवर मानवी तस्करीचा गुन्हा लागला, मुले दिवसचे दिवस बालगृहांत राहिली. पुढे पोलिसांनीच तपासाअंती तो गुन्हा बंद केला. त्या मुलांवर जे गुदरले त्याबद्दल यंत्रणेला दोष दिलाच पाहिजे, आणि मी देतो. पण आणखी एक प्रश्न उरतो: इतक्या लहान मुलांना आईच्या कुशीतून इतके दूर का जावे लागले? ज्याला आलिम किंवा हाफिज व्हायचे आहे त्याने मोठेपणी, शाळेचा पाया पक्का करून जावे. नूरानी कायदा आणि कलमे शिकण्यासाठी हजार मैलांचा प्रवास कुठल्याही मुलावर येऊ नये.

आता ज्या गोष्टीवर मशिदीत कुणी बोलत नाही, तिच्यावर बोलतो. मकतबात मारतात. सगळीकडे नाही, सगळे नाही, पण मारतात. आणि बाप स्वतः सांगून जातो की हाड आमचे, चमडी तुमची. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. त्या कायद्यातून २०१२ च्या दुरुस्तीने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था वगळल्या, म्हणून छडी हलाल झाली असे कुणी समजू नये. इब्न खल्दूनने स्पष्ट लिहिले आहे की कठोरपणे वाढवलेले मूल खोटे बोलायला, ढोंग करायला शिकते आणि त्याचे मन खुरटते. नवव्या शतकात कैरवानच्या इब्न सहनूनने खास मकतबाच्या उस्तादांसाठी नियम लिहिले. मारण्यावर मर्यादा, गरीब आणि श्रीमंताच्या मुलांना सारखी वागणूक, शुक्रवारची सुटी, मोबदल्याचा आधी ठरलेला करार, शिकवण्याच्या वेळात उस्तादाने दुसरी कामे न करणे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी! नियमबद्ध मकतब ही इंग्रजी शाळेची नक्कल आहे, असे जे आमचे बुजुर्ग म्हणतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिस्तीची ही परंपरा आपलीच आहे, आपण ती टाकून दिली. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा तर धार्मिक संस्थेतल्या माणसाने केलेला गुन्हा अधिक गंभीर धरतो, आणि योग्यच करतो. म्हणून वर्गाचे दार उघडे असावे, कुठलेही मूल एकट्याने कुणा मोठ्याबरोबर बंद खोलीत नसावे, आणि तक्रार कुणाकडे करायची ते भिंतीवर लिहिलेले असावे. यात उस्तादांचा अपमान नाही. चांगल्या उस्तादाला यातूनच संरक्षण मिळते.

उस्तादाकडून एवढ्या अपेक्षा करायच्या, तर त्याला देतो काय? लहान जमातींत इमामत, अजान, जनाजा, मकतब, झाडलोट सगळे एकाच माणसावर, आणि तनखा रोजंदारीच्या मजुरीहूनही तोकडा. तोही वेळेवर नाही. मशिदीला नव्या फरशा लागतात, मिनार उंच होतात, त्यासाठी चंदा भराभर जमतो. देणाऱ्याचे नाव दगडावर कोरता येते म्हणून जमतो. मुलांना शिकवणाऱ्याच्या पगारासाठी मात्र महिन्याच्या महिन्याला हात पसरावे लागतात. मी कठोर बोलतो आहे याची मला जाणीव आहे, पण हे बोललेच पाहिजे: ज्या जमातीचा मिनार उंच आहे आणि उस्ताद कर्जात आहे, तिने आपल्या मुलांवर अन्याय केला आहे. आणि पालकांनो, गणिताच्या शिकवणीची फी महिन्याच्या पहिल्या तारखेला भरता ना? मकतब फुकट असलाच पाहिजे हा हट्ट सोडा. ज्याची ऐपत नाही त्याची फी जमात भरेल. ज्याची आहे त्याने द्यावी. फी देणारा बाप विचारायला येतो की या महिन्यात काय शिकवले, आणि त्या विचारण्यानेच वर्ग सुधारतो.

मुलींबद्दल थोडेच सांगतो, कारण यात वादाला जागाच नाही. दहा-अकरा वर्षांची झाली की तिचा मकतब सुटतो, आणि पुढच्या पिढीला पहिले शब्द शिकवायचे ते तिनेच. प्रत्येक मोठ्या जमातीने शिकवणारी स्त्री नेमावी, तिला उस्तादाइतकाच पगार द्यावा.

काही जण म्हणतात, हजेरी, हिशेब, नोंदी ठेवल्या की उद्या त्याच कागदांवरून सरकार विचारायला येईल. त्यापेक्षा कागदच नको. ही भीती कुठून येते ते मला कळते. तरीही ती चुकीची आहे. नोंद नसलेल्या वर्गाबद्दल कुणीही काहीही म्हणू शकते आणि आपल्यापाशी दाखवायला काही नसते. मुलांची नावे, त्यांची शाळा, वर्गाची वेळ, शिकवलेले धडे, जमा आणि खर्च एवढे एका वहीत असेल तर तीच वही आपली साक्षीदार. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना वर्षातून एकदा बोलवा, मुले काय शिकतात ते पाहू द्या. बद्रच्या लढाईनंतर पैगंबरांनी लिहितावाचता येणाऱ्या कैद्यांची सुटका मदिनेच्या मुलांना लिहायला शिकवण्याच्या बदल्यात केली, हे आपण दर वर्षी जलशात सांगतो. ते शिक्षक मुसलमान नव्हते, कालपर्यंत शत्रू होते. मग गावातल्या गुरुजींना आपल्या वर्गात बसवायला अडचण कसली?

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक मुतवल्लीला, इमामाला आणि पालकाला माझे मागणे आहे. जूनच्या अखेरीस शाळा उघडण्याआधी, एका जुम्म्याच्या नमाजेनंतर अर्धा तास थांबा. शाळेच्या वेळा आणि नमाजेच्या वेळा समोर ठेवून वर्षाचा तक्ता करा. कुठले पुस्तक, कुठल्या भाषेत, कोण शिकवणार, त्याला किती आणि कुठल्या तारखेला देणार, ते लिहा. छडी बंद असे ठळक अक्षरांत लिहा. मुलींचा वर्ग कधी, ते लिहा. मग तो कागद मशिदीच्या दाराशी, जिथे चंद्याचा हिशेब लावता तिथेच लावा, आणि त्याची एक प्रत मुलांच्या शाळेत नेऊन द्या.